चीक कुणाचा?





मागच्या गुरुवारी सत्संग संपल्यावर चपला घालता घालता एका ताईंनी विचारलं, "तुमची चांदी व्याली म्हणे. खरवस कधी मग?" आम्ही म्हटलं, "या वेळी पहिला चीक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलंय." ताई हसल्या, पण हसू ओठांवरच राहिलं. दुसऱ्या दिवशी कानावर आलं की आम्ही दोघी जावा अलीकडे हात आखडता घेऊ लागलोय. त्या ताईंचा अजिबात राग नाही. उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं एवढंच. आता या महिन्याच्या अंकासाठी काहीतरी लिहून पाठवा असा निरोप आला, तेव्हा म्हटलं, हेच लिहू. दोघींनी मिळून लिहिलंय, म्हणून सगळीकडे "आम्ही" आहे.

आमचं घर खानापूर तालुक्यात. अडीच एकर जमीन, त्यातली दोन एकर भाताची. बांधावर काजू, परड्यात दोन फणस, कुंपणाला घायपात. गोठ्यात चांदी गाय आणि एक म्हैस, अंगणात आठ-दहा कोंबड्या. पोरं शिकून बेळगाव, बेंगळूर, पुण्याला गेली. मे महिन्यात मात्र घर भरतं. जावेची नातवंडं, भाचवंडं, कुणाची तरी मैत्रीण. सकाळी काजूच्या बिया वेचायच्या, उन्हं चढायच्या आत शेणी थापायच्या, दुपारी फणसाखाली वाकळ पसरून चारी कोपऱ्यांना चौघींनी बसायचं. संध्याकाळी ढग आले की सगळी कामं टाकून शेणी आणि सांडगे आत ओढायचे. आमच्याकडे वळीव सांगून येत नाही. मे संपता संपता धूळवाफ पेरणी आलीच. लोक म्हणतात उन्हाळ्यात शेतकरी मोकळा असतो. कुठला शेतकरी, ते आम्हाला अजून भेटलेलं नाही.

तर गोष्ट दोन उन्हाळ्यांपूर्वीची. चैत्रात चांदी व्याली, पाडा झाला. चांदी गावठी आणि जर्सीच्या मिश्रणाची, दुधाला बरी. पहिल्या धारेचा चीक केवढा तरी निघाला, पिवळाजर्द, दाट. आमच्या भागात चीक म्हटलं की सगळ्यांनाच आशा लागते. कानडी शेजारीण गिन्नू म्हणते, आम्ही खरवस म्हणतो, पण वाटी दोघींचीही पुढे येते. आम्हालाही देण्याची भारी हौस. गूळ-वेलदोडा घालून मोठ्या डब्यात वाफवला, वड्या पाडल्या. गल्लीतल्या अकरा घरांत पोचवला. गुरुवार होता, म्हणून एक डबा सत्संगालाही नेला.

एका वयस्कर काकूंनी तिथे टोकलं होतं, "गाय व्याल्यावर दहा दिवस सोयर असतं, त्यातलं दूध इथे आणू नये." आम्ही दोघीही पदवीधर. हसून म्हटलं, "काकू, नैवेद्याला नाही दाखवत, नुसता वाटतोय." काकू गप्प बसल्या. खरवस पाच मिनिटांत संपला. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. घरी येताना आम्ही खुशीत होतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण ती खुशी खोटी नव्हती. आपल्या हातून चार जणांना काहीतरी गेलं याचं समाधान खरंच होतं.

पाड्याने किती चीक प्यायला? हे कुणी बघितलंच नाही. धार काढून झाल्यावर त्याला सोडला होता. त्याने ढुश्या दिल्या, शेपटी हलवली, आम्हाला वाटलं पितोय.

चौथ्या दिवशी त्याला हगवण लागली. नवव्या दिवशी गेला.

जनावरांचे डॉक्टर आले होते. सलाईन लावलं, गोळ्या दिल्या. जाताना पायऱ्यांवर बूट घालत त्यांनी विचारलं, "पहिल्या दिवशी चीक किती पाजला होतासा?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, तेवढ्यानेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, गोठ्यातली घाण असते, ऊन असतं, शंभर कारणं असतात. पण मग त्यांनी जे समजावलं ते आम्हाला माहीत नव्हतं. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच रोगाशी लढायची थोडी शक्ती मिळते. वासराला ती तशी मिळत नाही. ते कोरंच जन्मतं. ती सगळी शक्ती पहिल्या चिकात असते आणि ती रक्तात उतरवून घ्यायची वासराच्या आतड्याची ताकद तासातासाने कमी होत जाते. साधारण एका दिवसात ते दार बंद होतं. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या काही तासांत, पोटात गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी कितीही पाजला तरी पहिल्या दिवसाची भरपाई होत नाही.

म्हणजे आपल्याला जे पक्वान्न, ते त्याचं औषध होतं. आणि त्याला ते एकदाच मिळायचं होतं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. चांदी पान्हा सोडेना. वासरू दिसल्याशिवाय, त्याचं तोंड सडाला लागल्याशिवाय कितीतरी गाई दूध वर चढवतात, हे गोठा असलेल्या घरांना माहीत आहे. कास ताठली. ती रात्री हंबरायची आणि आम्ही आत कूस बदलत पडायचो. गावातल्या एका म्हाताऱ्याने जुना उपाय सांगितला, मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवायचं. ती चाटते, फसते, पान्हा सोडते. पूर्वी असं पेंढ्याचं वासरू करून देणारे कसबी हात गावोगाव होते. यावर घरात खूप वाद झाला. एक बाजू अशी की कास सुजून गाय मरणयातना भोगतेय, तिला फसवून का होईना मोकळं करणं ही दयाच. दुसरी बाजू सासूबाईंची. त्या म्हणाल्या, "पोर आधीच नेलंय तिचं, आता तिचं रडणं पण नेता काय?" त्या स्वतः रोज गोठ्यात बसल्या. पुढ्यात आंबोण, कासेला कोमट पाण्याचा शेक, पाठीवर हात. तिसऱ्या दिवशी पान्हा आला. बरोबर कोण होतं, आम्हाला आजही सांगता यायचं नाही. चौथा दिवसही तसाच गेला असता तर आम्हीही कदाचित पेंढा भरला असता.

इथपर्यंत आम्ही या सगळ्याला अज्ञान म्हणत होतो. माहीत नव्हतं, चूक झाली, पुढच्या वेळी सुधारू. अज्ञानाची चूक पचवायला सोपी असते. पण गेल्या वर्षी एक भलतंच प्रकरण झालं.

आपल्या सेवेतून दर उन्हाळ्यात वाकळी शिवून गरजूंना देतात, ते आपणा सर्वांना माहीतच आहे. प्रत्येकीने घरून जुनी लुगडी आणायची असतात. आम्ही ट्रंक उघडली आणि तळाशी सासूबाईंचं जुनं इरकल सापडलं. काठ विरलेले, पदराचा रंग उडालेला. वाकळीला वरून घालायला असं कापड फार छान, सुती, मऊ. त्यांना विचारायचं राहिलं. खरं सांगायचं तर राहिलं नाही, गरज वाटली नाही. कापून, धावदोरा घालून झाल्यावर त्यांनी फणसाखाली येऊन ती वाकळ बघितली. काठावरून बोट फिरवलं. ते त्यांच्या आईने पहिल्या माहेरपणाला घेतलेलं होतं.

त्या रागावल्या नाहीत. तिथेच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आपल्या ताटातलं उचलून दिलं तर दान म्हणतात. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून दिलं तर त्याला काय म्हणायचं गे?"

आम्हा दोघींच्या हातातल्या सुया थांबल्या. आम्हाला लुगडं आठवत नव्हतं, अकरा घरांतल्या वाट्या आठवत होत्या.

तेव्हापासून हा प्रश्न काही डोक्यातून जात नाही. खरवस आम्ही खाल्ला असता, तर हावरटपणा तरी म्हणता आला असता. आम्ही तो वाटला. सत्संगाला नेला. चांगल्या कामाचं नाव मिळालं की मग वस्तू कुणाच्या वाट्यातली होती हे कुणी विचारत नाही, आपण तर नाहीच नाही. आणि वाटा ज्याचा होता त्याला तोंड असून बोलता येत नव्हतं. आमचं आम्हाला वाटतं, देण्यातसुद्धा एक भूक असते. ती खाण्याच्या भुकेपेक्षा ओळखायला अवघड.

आपण गीता वाचायला घेण्याआधी ध्यानाचे श्लोक म्हणतो. त्यातला एक सगळ्यांना पाठ आहे. उपनिषदं या गाई, दोहणारा गोपाळकृष्ण, अर्जुन हे वासरू, आणि गीता हे दूध. वर्षानुवर्षं आम्ही तो घोकला, पण वासराकडे लक्ष गेलं नव्हतं. त्या रूपकात वासरू नसतं तर? गाई होत्याच, दोहणारा साक्षात भगवंत होता. तरी पान्हा फुटला तो अर्जुनामुळे. त्याची तहान आधी, मग जगातल्या सगळ्या शहाण्यासुरत्यांना दूध. श्रीकृष्णानेही वासरू बाजूला बांधून धार काढली नाही. हा अर्थ कुठल्या टीकाग्रंथात आहे का ते ठाऊक नाही, गोठ्यात बसून सुचलाय तसा लिहिला.

त्या काकूंचं सोयरसुद्धा आम्ही नंतर शोधलं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात खरंच आहे, व्याल्यापासून दहा दिवसांच्या आतलं गाईचं दूध वर्ज्य. आणि पुढे तिथेच, वासरू नसलेल्या गाईचं दूधही वर्ज्य. त्या ग्रंथातलं सगळं आम्हाला मान्य आहे असं कुणी समजू नये, त्यात बायकांबद्दल जे आहे ते वाचून आमचं डोकं फिरतं. पण हे एक वाक्य वाचून थबकलो. कारण तिथे दिलेलं नाही. आम्हाला आपलं वाटतं, सोयर म्हणून का होईना, दहा दिवस वासराला मोकळे मिळत असतील. काकूंची माफी मागायला गेलो तर त्या म्हणाल्या, "मला कुठे कारण माहीत होतं? आई सांगायची म्हणून म्हटलं."

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर आमच्या घरातले पुरुष म्हणतील एकतर्फी लिहिलं. जावेच्या मिस्टरांचा सवाल सरळ होता. "सगळं वासराचंच, तर मग गाय पाळायची कशाला? पेंड काय फुकट येते? उन्हाळ्यात वैरण विकत घेतो ती कुणासाठी?" बरोबर आहे. चांदीसारखी मिश्र जातीची गाय एका वासराला पुरून उरेल एवढं दूध देते, आणि ते उरतं ते आमच्या वैरणीतून, आमच्या घामातून. त्यावर आमचा हक्क नाही असं म्हणणं म्हणजे ढोंग झालं असतं. शिवाय वासराला सगळं दूध मोकळं सोडलं तर तेही त्याला बाधतं, जास्त प्यायलं की हगतं. माया म्हणून मोप पाजलं आणि वासरू गमावलं, असंही झालेलं आहे गावात. म्हणजे मोजावंच लागतं. नुसतं मन मोठं करून भागत नाही.

या वैशाखात चांदी पहाटे चारला व्याली. वासराला पोत्यात घालून भाताच्या काट्यावर तोललं, बावीस किलो भरलं. दोन लिटरच्या वर चीक त्याच्या पोटात जायला हवा होता. तासाभरात त्याला उभं करून सडाला लावलं. नीट ओढेना, तर थोडा काढून बाटलीने पाजला. नंतर कास हलकी करायला म्हणून उरलेला काढला. त्यातली एक बाटली डीपफ्रीजरमध्ये ठेवलीय, गावात कुणाची गाय व्याल्यावर गेली किंवा तिला चीकच आला नाही तर त्या वासराच्या उपयोगी पडेल. ही युक्ती डॉक्टरांचीच. बाकीचा पुढच्या दोन वेळांना त्यालाच दिला. डेअरीवाले पहिले काही दिवस दूध घेतच नाहीत, तापवलं की नासतं म्हणून. म्हणजे त्या दिवसांत आमचं नुकसान होतं ते फक्त खरवसाचं. एवढ्यासाठी आम्ही अकरा घरं नाराज केली! आता रोज दोन सड त्याचे, दोन आमचे. डेअरीला दीड-दोन लिटर कमी जातं. महिन्याच्या बिलात ते दिसणार आहे, आणि ते दिसलं की घरात पुन्हा एकदा बोलणं होणार आहे.

मामंजी ऐंशीच्या पुढचे. डोळ्यांनी कमी दिसतं, पण हाताला पीळ अजून कळतो. दर उन्हाळ्यात ते कुंपणाची घायपात कापून पाण्यात कुजत घालतात (त्या वासाने पाहुणी पोरं नाकं धरून पळतात), मग बडवून, धुऊन, वाळवून तिचा वाख काढतात आणि वर्षभराची दावी वळतात. यंदा वासराचं दावं वळायला घेतलं तेव्हा त्यांनी विचारलं, "लांब करू, का आखूड?"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. आखूड दावं म्हणजे वासरू दूर आणि दूध सगळं आमच्या हातात. लांब दावं म्हणजे ते आईच्या तोंडापर्यंत पोचणार, ती त्याला चाटणार, पण मग रात्री कधीतरी पिऊनही टाकणार. आम्ही बराच वेळ गोठ्यात उभं राहून हाताने अंतर मोजत होतो. शेवटी ठरलं, आईची जीभ पोचेल पण वासराचं तोंड कासेला लागणार नाही, एवढं. वाख मानेला काचतो, म्हणून गळ्याभोवती मामंजींनी लुगड्याची पट्टी गुंडाळली. पट्टी त्याच इरकलाची, वाकळीतून उरलेली. या वेळी सासूबाईंना विचारून.

एक गोष्ट इतका वेळ लिहायची टाळत होतो. पहिला पाडा होता, आणि हाही पाडाच आहे. आमच्याकडे आता नांगरटीला पॉवर टिलर येतो, बैल कुणी ठेवत नाही. पाडी झाली की पेढे, पाडा झाला की "बरं, असू दे." दोन वर्षांपूर्वी पाडी असती, तर तिने किती चीक प्यायला हे आम्ही बघितलं नसतं का? जाऊ म्हणते, बघितलं नसतं, तेवढं ज्ञानच नव्हतं. पण रात्री दिवा मालवल्यावर तीच म्हणाली, "बघितलं असतं गे, उद्याची गाय म्हणून तरी बघितलं असतं."

या पाड्याचं दोन वर्षांनी काय करायचं, यावर घरात एकमत नाही. विकायचा नाही एवढंच आम्ही दोघी म्हणतोय, आणि वैरण कुठून आणायची यावर आमच्याकडे अजून उत्तर नाही. आपल्यापैकी ज्यांच्या गोठ्यात पाडे वाढलेत त्यांनी काय केलं, ते जरूर कळवा.

पाड्याला आता सोळा दिवस झाले. पोरांनी त्याचं नाव लाडू ठेवलंय. काल वळीव आला तेव्हा दावं तोडून शेणींच्या ढिगावर चढला आणि निम्म्या शेणी चिखलात.

खरवस विचारणाऱ्या ताईंना परवा घरी बोलावलंय. खरवस नाही, फणसाचे गरे आहेत. आणि वाकळींची सेवा पुढच्या बुधवारी दुपारी तीनला आमच्याच परड्यात आहे. सुई-दोरा इथे मिळेल. लुगडी घरून आणावीत, ज्यांची आहेत त्यांना विचारून.